भोंगा झाल्यावरचा खेळ

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक नावाचं, एकेकाळी कागद गिरण्यांचं असलेलं गाव आहे. नदीचं पाणी कालव्यांनी गावात वळवून त्यावर तिथल्या गिरण्या चालत. १८९५ साली त्या गावच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत विल्यम मॉर्गन हा तरुण व्यायामशिक्षक होता. दिवसभराचं काम उरकून येणारी वयस्क मंडळी त्याच्याकडे व्यायामाला यायची. शेजारच्या स्प्रिंगफिल्डला चारच वर्षांपूर्वी बास्केटबॉल सुरू झाला होता, पण त्यातली पळापळ आणि धक्के या मंडळींना झेपेनात. मॉर्गनने साडेसहा फुटांवर नेट बांधलं, चेंडू दिला आणि खेळणाऱ्यांना दोन्ही बाजूंना वेगळं उभं केलं. कोणी कोणाच्या अंगावर जायचं नाही, चेंडू तेवढा जमिनीवर पडू द्यायचा नाही. व्हॉलीबॉल जन्मला तो असा, गिरणीच्या गावात, थकून आलेल्या माणसांसाठी.

आपल्या रात्रकालीन स्पर्धेच्या स्मरणिकेत परदेशातल्या व्हॉलीबॉलवर लिहायला मंडळाने सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हे होल्योक आलं, कारण बुटीबोरीही तसंच गाव आहे. वर्धा रोडवरचं हे कापूस-सोयाबीनचं गाव नव्वदच्या दशकात एमआयडीसीने पार बदलून टाकलं. पॉलिएस्टरच्या धाग्यापासून टायरपर्यंत आज इथे काय बनत नाही? टाकळघाट, सातगाव, रुईखैरी, बोथलीची पोरं इथे ड्युटीला येतात, तशीच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, छत्तीसगडची माणसं इथल्या खोल्यांमधून राहतात. आणि आपण दर वर्षी एकमेकांना विचारतो, की मैदान इतकं चांगलं, लाइट इतके चांगले, मग माणसं का येत नाहीत? याचं उत्तर मला घरापासून दूर गेलेल्या लोकांकडे सापडलं. त्यांच्याकडे ना मैदानं होती, ना पैसा. तरी त्यांनी हा खेळ पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवला आणि त्याला प्रेक्षकही मिळवून दिले.

सर्वांत आधी चिनी माणसांची गोष्ट सांगते. दक्षिण चीनमध्ये ग्वांगदोंग प्रांतात तायशान हा भाग आहे. अमेरिकेत पोट भरायला गेलेले जुन्या काळचे बहुतेक चिनी इथले. मिशनरी आणि वायएमसीएवाल्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये व्हॉलीबॉल नेला. आशियात तेव्हा एका बाजूला सोळा सोळा माणसं खेळायची. पुढे त्यांची बारा झाली, मग नऊ. तायशानच्या माणसांनी जो खेळ बरोबर नेला, तो हा नऊ जणांचा. यात जागा बदलत नाहीत. लिफ्टर तो लिफ्टर, मागचा तो मागचाच.

अमेरिकेत या माणसांचं जगणं कसं होतं ते समजून घेतल्याशिवाय या खेळाची किंमत कळत नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली होती. तो कायदा उठायला १९४३ उजाडलं. आधी पोहोचलेले होते त्यांना बायको-मुलं आणणं जवळजवळ अशक्य. लॉन्ड्रीत कपडे धुवायचे, खानावळीत राबायचं, रात्री दहा जणांच्या खोलीत येऊन पडायचं. बाहेर कोणी धड बोलायचं नाही. या माणसांनी १९३० च्या दशकात बॉस्टन, न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये, गल्लीबोळात आणि गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत नेट बांधलं. खाली डांबर होतं, पडलं की गुडघे सोलून निघायचे. तरी सुटीच्या दिवशी एका शहराचा संघ दुसऱ्या शहरात जायचा, तिथल्या गाववाल्यांना भेटायचा, त्यांच्याकडे जेवायचा आणि खेळून परत यायचा. १९४० च्या दशकात त्याची वार्षिक स्पर्धा झाली. ती आजही सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिथल्या कामगार दिनाच्या सुटीत भरते. कधी बॉस्टन, कधी टोरोंटो, कधी वॉशिंग्टन, कधी सॅन फ्रान्सिस्को. चीनच्या राष्ट्रीय संघांनी केव्हाच सहा जणांचा ऑलिम्पिकचा खेळ स्वीकारला. नऊ जणांचा जुना खेळ तायशानने राखला आणि त्याच्याबरोबर हजारो मैल दूरच्या या लॉन्ड्रीवाल्यांच्या नातवंडांनी राखला. २०१४ साली अर्सुला लियांग या दिग्दर्शिकेने त्यावर माहितीपट केला, तेव्हा बाहेरच्या अमेरिकेला त्याचा पत्ता लागला.

या स्पर्धेत एक नियम आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मैदानातले बहुतेक खेळाडू चिनी वंशाचेच असले पाहिजेत. नव्या काळात त्यावर वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत, कारण वंशावरून दार लावणं कोणाच्याही मनाला खुपेल. पण त्या नियमामागची गरज मला समजते. चायनाटाउनमधली म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसतात ती उत्तम व्हॉलीबॉल बघायला नाही. तो टीव्हीवरही दिसतो. ती बसतात ती आपल्या गल्लीतल्या पोराला बघायला, ज्याचा बाप याच जागी खेळला होता. उद्या पैसे मोजून बाहेरून नऊ उंच खेळाडू आणले तर खेळ कदाचित सुधारेल, पण त्या खुर्च्या रिकाम्या होतील.

आपल्याकडे नेमकं हेच घडतंय, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. बक्षिसाची रक्कम वाढली, तसे संघ बाहेरून खेळाडू आणू लागले. फ्लेक्सवर नाव आपल्या गावाचं आणि नेटपाशी उभा असलेला एकही चेहरा ओळखीचा नाही. मी अशा सामन्यांना बसले आहे. स्मॅश असे की डोळे दिपावेत, आणि टाळ्या वाजवायला आयोजक तेवढे. त्याच मैदानावर दोन गावांच्या साध्या पोरांची मॅच लागली की बाया पदर खोचून उभ्या राहतात, "आपल्या पोट्ट्यानं पाय कसा उचलला पाय तं!" म्हणून एकमेकींना सांगतात. त्या दिवशी चहावाल्याचं दूध संपतं. संघात बाहेरचे दोनच खेळाडू असावेत आणि बाकीचे चार गावचे, वॉर्डाचे किंवा त्या कंपनीत खरंच काम करणारे असावेत, असं माझं मत आहे. वंशाची नाही, राहण्याची आणि राबण्याची अट घालावी. बुटीबोरीत खोली घेऊन राहणारा, इथे मशीन चालवणारा गोरखपूरचा पोरगा आपलाच धरावा.

आपल्या गावचा खेळाडू आपला मानण्यात केरळची माणसं आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. कन्नूर जिल्ह्यातल्या पेरावूर गावी १९५५ साली जिमी जॉर्ज जन्मला. आठ भाऊ, आठही व्हॉलीबॉल खेळणारे. भावाभावांचाच एक संघ उभा राहिला होता. अंजू बॉबी जॉर्ज ही आपली लांब उडीची विजेती याच घरची सून. जिमीला १९७६ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे तो अबुधाबीच्या क्लबकडून खेळला आणि तिथून इटलीत व्यावसायिक खेळाडू म्हणून गेला. भारतातला व्हॉलीबॉलपटू युरोपच्या क्लबमध्ये खेळतो, ही त्या काळी ऐकिवात नसलेली गोष्ट होती. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९८७ रोजी, इटलीतच मोटार अपघातात तो गेला. वय अवघं बत्तीस.

इटलीतल्या माँतिकियारी या गावाने आपल्या इनडोअर स्टेडियमला त्याचं नाव दिलं. तिथे सामना बघायला जाणारा इटालियन माणूस आजही त्याला ‘पालाजॉर्ज’ म्हणतो. तिरुवनंतपुरमलाही त्याच्या नावाचं स्टेडियम आहे. पण मला जास्त भावते ती अबुधाबीतली स्पर्धा. तिथलं केरळ सोशल सेंटर जिमी जॉर्जच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा भरवत आलं आहे आणि त्यात निरनिराळ्या देशांचे खेळाडू उतरतात. ती पाहायला येणारा मल्याळी माणूस दिवसभर आखाती उन्हात किंवा ऑफिसात राबलेला असतो. घर हजारो किलोमीटरवर. गॅलरीत बसला की शेजारी आपली भाषा, समोर आपला खेळ आणि वर आपल्या गावच्या पोराचं नाव. एवढ्यावर माणूस ओढून येतो. आखातात मराठी माणसंही पुष्कळ आहेत, त्यांचे गणपती आणि नाटकं दणक्यात होतात. आपला एखादा खेळ त्यांनी असाच लावून धरावा, असं मनापासून वाटतं. परदेशातल्या लोकांपुढे खेळ मांडण्याची रीत विदर्भाला तशी नवी नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले होते.

आता बायांबद्दल लिहिते. हा विषय मला सर्वांत जवळचा आहे, कारण नेटच्या त्या बाजूला मीही उभी राहिलेली आहे. जपानमध्ये ओसाकाजवळ काईझुकाला निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. तिथल्या मुली दिवसा कंपनीचं काम करायच्या आणि दुपारनंतर मध्यरात्रीपर्यंत सराव करायच्या. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू. जमिनीवर झेपावून, चेंडू उचलून, कोलांटी घेऊन पुन्हा उभं राहायचं, हे तंत्र त्याने मुलींकडून घोटून घेतलं. त्याची कठोरता आजच्या पालकांना सहन होणार नाही, आणि होऊही नये. १९६२ ला या मुलींनी मॉस्कोत सोव्हिएत संघाला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. १९६४ ला टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला आणि २३ ऑक्टोबरला त्यांनी पुन्हा सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतलं. जपानमध्ये टीव्हीवर त्या सामन्याचं रेटिंग ६६.८ टक्के होतं.

त्यानंतर जे घडलं ते मला त्या पदकाहून मोठं वाटतं. देशभरच्या घरच्या बाया, पोरं शाळेत गेली की, नेट बांधून खेळू लागल्या. त्यांचाही खेळ नऊ जणींचा. १९७० पासून या आयांची राष्ट्रीय स्पर्धा होते. जी आई स्वतः खेळते, ती सामना बघायला एकटी येत नाही, अख्खं घर घेऊन येते.

अमेरिकेतलं नेब्रास्का हे तर शेतीचं राज्य, मका आणि गुरांचं. तिथे विद्यापीठाचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ हेच लोकांचं दैवत. त्यांच्या घरच्या सामन्यांची सगळी तिकिटं २००१ पासून दर वेळी संपतात. ३० ऑगस्ट २०२३ ला त्यांनी फुटबॉलच्या स्टेडियमच्या मधोमध कोर्ट टाकलं आणि ९२,००३ माणसं आली. त्या संध्याकाळी नेब्रास्काने शेजारच्या ओमाहा विद्यापीठाला ३-० ने हरवलं. निकाल काय लागणार हे येणाऱ्यांना बहुधा आधीच माहीत होतं. तरी ती आली, कारण त्या राज्यातल्या लहान लहान गावच्या शाळांमधून पोरी हा खेळ खेळतात आणि प्रत्येकीच्या मागे एक घर असतं.

टीव्हीवरच्या मोठ्या लीग आल्या आहेत. प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ ला हैदराबादेत सुरू झाली, सेट पंधरा गुणांचे केले, पुढे मुंबईचाही संघ आला. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण, हा बदल जागतिक संघटनेने १९९८ च्या सुमारास केला, तोही सामना किती वेळ चालेल याचा अंदाज यावा म्हणून. हे सगळं चांगलंच आहे. पण लीगमुळे पोरगा मोबाइलवर सामना बघेल. त्याला चौकातून मैदानापर्यंत आणायचं काम आपलंच आहे.

त्यासाठी काही गोष्टी मंडळापुढे ठेवते. सातचा सामना सातलाच सुरू व्हावा. पाहुण्यांच्या सत्कारात तासभर गेला की सकाळच्या पाळीला पाच वाजता उठणारा माणूस घरी निघून जातो. सत्कार अंतिम सामन्यानंतर करावेत. दुपारची पाळी रात्री सुटते, तेव्हा एक चांगला सामना त्या माणसांसाठी उशिरा ठेवावा. कॉमेंट्री करणाऱ्याला खेळाडूचं नाव, गाव आणि खातं पाठ असावं. "टायर लाइनवरचा अमुक, मूळचा बालासोरचा," असं माइकवरून ऐकू आलं की त्याच्या खोलीवरचे सगळे उद्या येतील. कॉमेंट्री मराठीत व्हावीच, मधे मधे हिंदीही असावी. गुणफलक मागच्या रांगेतूनही दिसावा. बायांसाठी एका बाजूला खुर्च्या, पुरेसा उजेड आणि जवळ स्वच्छतागृह हवं. ते नसेल तर बायांनी यावं असं आपण म्हणूच नये. आणि मुलींचा सामना दुपारच्या रिकाम्या मैदानावर उरकू नये, तो रात्री, गर्दीच्या वेळी, मुलांच्या उपांत्य सामन्याच्या आधी लावावा. विवाहित बायांचे दोन संघ तरी या वर्षी उतरवावेत. नऊ नऊ जणी खेळल्या तरी चालेल, नेट थोडं खाली बांधू.

आणखी एक काम लगेच सुरू करता येईल. एमआयडीसी यायच्या आधीही या पट्ट्यातल्या गावांमधून व्हॉलीबॉल खेळला जायचा. बांबूचे खांब, चुन्याच्या रेघा, आणि पंक्चरवाल्याकडून हवा भरून आणलेला चेंडू. त्या संघांचे फोटो घराघरातल्या पेट्यांमध्ये असतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी मागे नावं आणि साल लिहून मंडळाकडे आणून द्यावेत. त्यांच्या मोठ्या प्रती काढून उद्घाटनाच्या दिवशी प्रवेशद्वारापासून मैदानापर्यंत लावायच्या, मूळ फोटो परत करायचे, आणि फोटोतली जी माणसं आज हयात आहेत त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, असं बैठकीत ठरलं आहे.