नाममुद्रा नसलेला मजकूर

पंढरपुरात बसून मी गेली काही वर्षे एक छोटे संकेतस्थळ चालवतो. चंद्रभागेच्या वाळवंटात, मठांच्या ओसरीवर वारकरी बायांकडून ऐकलेल्या ओव्या त्यावर आहेत, पाठभेदांसह. जाहिरातीला पैसा नाही, तेव्हा लोकांपर्यंत पोचायचे कसे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. या विषयावरची मराठीतली पुस्तके आणि व्याख्याने मी पदरमोड करून वाचली-ऐकली. त्यांतला बहुतेक उपदेश दुकानदारीचा आहे: रोज काहीतरी टाका, गिऱ्हाइकाला खिळवून ठेवा. मजकूर हाताहाती कसा जातो आणि जाताना त्याचे काय होते, याचा विचार त्यात जवळजवळ नाही. तो विचार आपल्याकडे फार आधी झालेला आहे, असे माझे मत आहे.

तुकोबांचे निर्वाण 1650 चे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेल्या गाथेचा पहिला खंड छापून निघाला 1869 मध्ये. मधली दोनशेहून अधिक वर्षे अभंग वह्यांतून, कीर्तनकारांच्या बाडांतून आणि टाळकऱ्यांच्या तोंडून फिरले. उतरवून घेणाऱ्याने कोणाची परवानगी मागितली नाही. तरी कर्त्याचे नाव गळले नाही, कारण ते वेष्टनावर नव्हते, रचनेत होते. मोठ्या अभंगाच्या सहा अक्षरी चरणात ‘तुका म्हणे’ चार अक्षरे अडवून बसते. ते काढले तर चरण लंगडा होतो, आणि गाणाऱ्याच्या कानाला ते लगेच कळते. ‘एका जनार्दनी’ने तर पुरा चरणच व्यापला आहे. शिवाय त्यात नाथांबरोबर त्यांच्या गुरूंचेही नाव आहे. जनाबाई ‘नामयाची दासी’ म्हणवते तेव्हा ऐकणाऱ्याला नामदेवांच्या घराचा पत्ता आपोआप मिळतो. आजच्या भाषेत हा दुवाच. 1998 मध्ये सुरू झालेल्या गूगलने पानाची पत ठरवताना कोण कोणाकडे दुवा देतो हे मोजायला घेतले, यात वारकऱ्याला नवल वाटू नये.

याच्या उलट आपली मराठी संकेतस्थळे काय करत आली? सुरुवातीच्या काळात प्रत्येकाचा टंक वेगळा. देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये होती, पण पुढची कितीतरी वर्षे आपण असा मजकूर चढवत राहिलो, की योग्य टंक नसलेल्या वाचकाला नुसती अक्षरांची खिचडी दिसे आणि शोधयंत्राला काहीच समजत नसे. काहींनी पानांची चित्रेच लावली. आता टंकाची अडचण सरली, तर चोरीच्या भीतीने राईट-क्लिक बंद करणे आले. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याने फुकट पोचवणाऱ्या हातांनाच दार लावणे, याला मी अडाणीपणा म्हणतो. मीही तो केला आहे.

झाले असे. एका आषाढीला आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात माझ्याच पानावरच्या ओव्या आल्या. वर दोन बाणांची खूण, म्हणजे बऱ्याच हातांतून आलेल्या. 2020 पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तरीही त्या इतक्या दूर गेल्या होत्या. संकेतस्थळाचे नाव कुठेच नाही. खाली भलत्याच माणसाची सही. मी रात्रभर चरफडलो आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावले. महिनाभरात पानाकडे येणारी वाट ओस पडली. मग कुलूप काढले आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी, त्याच परिच्छेदात, संकेतस्थळाचे लहानसे नाव गुंफले. तेव्हापासून काही उतारे नावासकट फिरताना दिसतात. सगळे नाहीत.

नाममुद्रेने सगळे साधते, असेही नाही. ‘तुका म्हणे’ कोणालाही लिहिता येते, आणि लिहिले गेले. विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना नामदेवांच्या नावावर मिसळल्या, त्या निवडताना अभ्यासकांचा घाम निघाला. प्रसिद्ध नाव मजकूर ओढून घेते, ही त्याची दुसरी बाजू. माझ्यासारख्याला ते भय अजून नाही!

मात्र या सगळ्यात माझी तक्रारच मला नंतर टोचू लागली. ओवीला नाममुद्रा नसते. जात्यावर बसलेली बाई ‘मी म्हणे’ असे म्हणत नाही. तिच्या ओवीत भाऊ येतो, लेक येते, विठ्ठल येतो. तिचे नाव येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर आज त्या वाचायला मिळतात, तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव असते. ते पाहिल्यावर मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. तिथी होती, जागा होती, पाठभेद होते. पहिल्या दोन वह्यांत एकाही बाईचे नाव नव्हते. ज्या ओव्या माझ्या नावाविना फिरल्या म्हणून मी कुलूप घातले, त्या मीच आधी तशाच उचलल्या होत्या. त्यांना माझ्या संकेतस्थळाची मुद्रा लावून मी पुढे धाडल्या.

आता दर वारीला वह्या घेऊन वाळवंटात जातो. गाव आठवत असेल तर त्या गावच्या दिंडीचा मुक्काम विचारत फिरतो, ओवीची पहिली ओळ म्हणून दाखवतो. कधी कोणी म्हणते, ‘अहो, ही तर आमच्या आत्याची,’ आणि नाव सांगते. बहुतेक वेळा बाया हसतात, म्हणतात, सगळ्याच म्हणतात की ही. मिळालेली नावे ओवीच्या शेवटी, संकेतस्थळाच्या नावाच्या आधी जातात. उरलेल्या ओव्यांखाली नुसते ‘वाळवंट, माघी’ किंवा ‘वाळवंट, कार्तिकी’ लिहिले आहे. हा अंक हाती पडेल तेव्हा पाडवा जवळ आलेला असेल. त्यानंतर दहा-अकरा दिवसांत कार्तिकी एकादशी, आणि पहिल्या वहीतली चौदा पाने अजून विचारायची आहेत.