दोन रकान्यांचा ग्रंथ

चाळीस पानी कवितासंग्रहावर आपल्याकडे साठ पानी समीक्षा होते. पण ज्या पुस्तकाने कित्येक सुशिक्षित घरांतली झोप उडवली, त्याच्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. मी बोलतोय ते स्टॅन्ली गिबन्सच्या टपालतिकिटांच्या कॅटलॉगबद्दल. इंग्लंडातल्या या व्यापाऱ्याने पहिली दरसूची काढली १८६५ साली. ग्रंथ अजून संपलेला नाही, नवीन आवृत्त्या निघतातच.

कथानक म्हणाल तर नाही. प्रत्येक तिकिटाला क्रमांक, रंग आणि उजवीकडे दोन रकाने : कोरे आणि वापरलेले. पण रंगांच्या बाबतीत लेखकाची नजर कवीला लाजवील. १८५४ च्या अर्ध्या आण्याचे निळा, फिका निळा, गडद निळा आणि नीळ असे प्रकार केलेत. आमच्या घरी हे चारही ‘निळं’ या एकाच शब्दात बसतात.

रहस्यही भरपूर आहे. तिकीट काळ्या बशीत पालथं घालून वर बेंझिनचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे कागदातलं जलचिन्ह दिसतं. हत्तीचं डोकं दिसलं तर १८६५ नंतरचं, चांदणी दिसली तर आणखी पुढचं. मग कडेचे दात मोजा, दोन सेंटिमीटरमध्ये किती ते. एवढं करून कळतं, की हे तिकीट सगळ्यांकडे असतं.

माझा आक्षेप आहे तो वाचकवर्गावर. १९४८ साली निघालेल्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ छापून फक्त शंभर प्रती काढल्या होत्या. त्यांतल्या चारांच्या पट्टीला २०१७ साली पाच लाख पौंड मिळाले. ही बातमी आली आणि घरोघरचे बिस्किटांचे डबे माळ्यावरून खाली उतरले.

आमच्या माईआत्याकडेही दोन उतरले. अण्णांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, आयुष्यभर जमवलेले. माडीचे पत्रे गळत होते, तेव्हा हा प्रश्न हौसेचा नव्हता. पुतण्याने दोन रात्री कॅटलॉग घेऊन बेरीज केली : एकेचाळीस हजार! आत्याने सुताराला बोलावूनही ठेवलं.

या ग्रंथाचा सर्वांत प्रामाणिक भाग म्हणजे प्रस्तावना, आणि तोच कुणी वाचत नाही. त्यात स्वच्छ लिहिलंय की हे भाव आमच्या दुकानात आम्ही विकतो त्याचे, तेही निर्दोष तिकिटाचे. सर्वांत खालची किंमत तर तिकिटाची नव्हेच, ते काढून तुमच्या हातात द्यायची मजुरी! एक दात तुटला, पाठीमागून कागद सोलला, शिक्का चेहऱ्यावर फासला, की भाव कोसळला. शिवाय अण्णांच्या डब्यात निम्मी होती भाडेपावत्यांवरची तिकिटं. १९०६ पासून एकच तिकीट टपालाला आणि पावतीलाही चालायचं. पण त्यावर घरमालकाची झोकदार सही असली, तर ‘वापरलेले’ या रकान्याशी त्याचा संबंध नाही. तो रकाना टपालात वापरलेल्यांचा.

तिकिटांचा व्यापारी घरी आला. दोन्ही डबे चाळले आणि म्हणाला, “आजी, अकराशे देतो.”

“अरे, पुस्तकात एकेचाळीस हजार आहेत ना?” आत्या मला म्हणाली. मी प्रस्तावना वाचून दाखवली. तिने चष्मा पुसला.

मग त्याने डब्याच्या तळाची पाकिटं काढली. अण्णांच्या वडीलभावाची, १९४४ साली इटलीच्या आघाडीवरून आलेली. एकावरही तिकीट नव्हतं, म्हणूनच अण्णांनी ती तळाला टाकली होती. लष्करी टपालाचा शिक्का, सेन्सॉरचा शिक्का, पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेली पट्टी. नऊ पाकिटांचे त्याने डब्यांच्या चौपट सांगितले. माझा या ग्रंथावरचा खरा आरोप इथे आहे : तिकीट कसं छापलं हे दातांसकट सांगतो, पण पत्र कुठून कुठे गेलं याला त्याच्यात रकानाच नाही.

“पत्रांसकट?” आत्याने विचारलं.

“पाकिटं पुरेत.”

दिली तिने. माडीचे निम्मे पत्रे त्यात बदलले. पण देण्याआधी एकेक पत्र काढून पदराखाली ठेवलं, आणि नवव्या पाकिटापाशी थांबली. त्यानंतर घरी पत्र आलं नव्हतं. ते पाकीट तिने उलटं धरून दोनदा झटकलं, आत एखादं पान राहिलं असेल म्हणून.