बॅरिटोन आवाजाची नायिका

ऑपेरा हा युरोपातील प्रस्थापितांचा कलाप्रकार. तो सरदारांच्या वाड्यात जन्मला आणि त्यांच्याच पैशावर पोसला गेला. त्याच्याशी आपला काय संबंध, असे म्हणून कुणी पान उलटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेनच्या नाट्यगृहात ‘लिली एल्बे’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, आणि दलित साहित्याने मराठी समीक्षेच्या दारात आणून ठेवलेला स्वानुभव आणि सहानुभूती यांचा वाद तिथे वेगळ्या वेषात उभा राहिला. संगीत टोबायस पिकर या अमेरिकन संगीतकाराचे, संहिता आर्येह लेव्ह स्टॉलमन यांची.

लिलीचा जन्म १८८२ चा, डेन्मार्कमधला. जन्माने ठेवलेले नाव आयनार वेगेनर, धंदा चित्रकाराचा. १९०४ मध्ये गेर्डा या चित्रकर्तीशी लग्न झाले. गेर्डाने लिलीची चित्रे काढली, ती विकली गेली, नावाजली गेली. १९३० मध्ये बर्लिनला व पुढे ड्रेस्डेनला लिलीवर शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी डेन्मार्कच्या राजाने ते लग्न रद्दबातल ठरवले. सप्टेंबर १९३१ मध्ये, शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच महिन्यांत, ती गेली.

या कथेवर २०१५ साली चित्रपट निघाला, तेव्हा लिलीची भूमिका एका पुरुष नटाने केली. त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. सोसायचे एकाने आणि सोसण्याचा अभिनय करून टाळ्या घ्यायच्या दुसऱ्याने, ही रीत आपल्याला नवी नाही. बालगंधर्वांच्या शालूवर जीव ओवाळून टाकणाऱ्या मराठी प्रेक्षकाने दारात टाळी वाजवणाऱ्याला कधी बसायला पाट दिला काय?

ऑपेरात मात्र लिली गायली ती लुशिया लुकास यांनी. त्या स्वतः पारलिंगी स्त्री आहेत, आणि त्यांचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषी खर्जाकडे झुकणारा आहे. वयात येताना जाड झालेला आवाज नंतर स्त्री-संप्रेरके घेऊन पातळ होत नाही. ऑपेराच्या व्याकरणात बॅरिटोन म्हणजे बाप, खलनायक किंवा प्रतिस्पर्धी. नायिका म्हणजे सोप्रानो. हा नियम इथे मोडला गेला. आयनार आणि लिली एकाच गळ्यातून गातात. त्यामुळे गेर्डाबरोबरचे गाणे आरंभी नवरा-बायकोचे वाटते आणि पुढे त्याच दोन स्वरांत दोन स्त्रियांचे होते. बदलावे लागते ते ऐकणाऱ्याच्या कानाला. संहितेने कितीही भाषणे घातली असती तरी हे साधले नसते. इथे स्वानुभव कलेच्या आड येत नाही, कलेचे साधनच होतो. ‘अनुभव खरा, पण कलात्मकतेचे काय?’ असे आम्हांला विचारणाऱ्या आपल्या सौंदर्यवाद्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि ऑपेराने शरीराच्या शुद्धतेच्या गोष्टी तर करूच नयेत. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीत कोवळा आवाज टिकावा म्हणून मुलांना खच्ची केले जाई. त्यांतली कित्येक गरीब घरची होती. नाव मोजक्यांचे झाले, बाकीचे कुठल्या तरी गायकवृंदात विरून गेले. दुसऱ्याच्या मर्जीने कापलेले शरीर या कलेला चालले. स्वतःच्या मर्जीने बदललेले शरीर नायिका म्हणून उभे राहायला २०२३ साल उजाडावे लागले.

इथवर माझा या कृतीला होकार आहे. माझी तक्रार विषयाच्या निवडीबद्दल आहे. चित्रकार, पॅरिस, प्रेम आणि अकाली मरण: ऑपेराला हवे ते सगळे लिलीच्या आयुष्यात आयते सापडते. व्हायोलेटा मरते, मिमी मरते, बटरफ्लाय मरते, तशी लिलीही मरते. मेलेल्या नायिकेवर रडून प्रेक्षक सुखाने घरी जातो.

त्याच वेळी बर्लिनमध्ये डोरा रिश्टर होती. जन्म १८९२, बोहेमियाच्या डोंगरातल्या झायफेन गावच्या गरीब शेतकरी घरात. पारलिंगी माणसाला काम कोण देणार? माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकविज्ञान संस्थेत ती मोलकरीण म्हणून राबली. ज्या गोरबांट नावाच्या शल्यवैद्याने लिलीवर पहिली शस्त्रक्रिया केली, त्यानेच १९३१ मध्ये डोरावरही केली. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती संस्था लुटली, आणि १० मे रोजी तिथली पुस्तके बर्लिनच्या ऑपर्नप्लात्झवर, म्हणजे ऑपेराच्याच चौकात, जाळली. डोरा त्या धुमाळीत मारली गेली असे कित्येक दशके लिहिले जात होते. मोलकरणीचा माग काढायची गरज फारशी कुणाला वाटली नव्हती. अलीकडे कागद सापडले ते वेगळेच सांगतात. ती गावी परतली. १९३४ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारकडून तिने आपले नाव कायद्याने बदलून घेतले. १९६६ मध्ये बव्हेरियातील आलर्सबर्ग येथे वयाच्या ७४ व्या वर्षी ती वारली.