स्ट्रिंग्ज बाहेर काढून ठेवा

जावा शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी ती ओळ गिरवलेली असते: पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, आणि कंसात स्ट्रिंगचा ॲरे. पुढे सहा महिने शिक्षक बजावत राहतात की ऑब्जेक्टमध्ये विचार करा, प्रत्येक गोष्टीला तिचा टाइप द्या, कच्चा माल घरभर पसरू देऊ नका. आणि प्रोग्रॅमचा मुख्य दरवाजा मात्र स्टॅटिक मेथडचा. त्यातून आत येते ते शब्दांचे गाठोडे. आकडा, तारीख, फाइलचा पत्ता, होय-नाही, सगळे एकाच वेषात. या गाठोड्याचे पुढे काय करायचे, याला मी ऑप्शन हाताळण्याची कला म्हणतो. चाळीसेक वर्षांत तिच्यासाठी ढिगाने लायब्रऱ्या निघाल्या. दरवाजा सजवण्यात त्या तरबेज झाल्या. चपला कुठे काढायच्या हे सांगायला बहुतेक विसरल्या.

मूळ दुखणे ऑब्जेक्टच्या आधीचे आहे. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स प्रणालीत ऑप्शनना कंट्रोल आर्ग्युमेंट म्हणत आणि त्यांच्यापुढे आडवी रेघ असे. युनिक्सने रेघ उचलली आणि नावे तोडून एकेका अक्षरावर आणली. सुरुवातीला नियम असा नव्हताच. ज्याने कमांड लिहिली त्याने आपापली रीत घातली. त्याची भुते अजून फिरतात. टारला रेघ नसली तरी चालते. डीडीला 'इफ बरोबर' आणि 'ऑफ बरोबर' असे लिहावे लागते, कारण त्याची बोली आयबीएमच्या जॉब कंट्रोल लँग्वेजवरून आली. फाइंडचे ऑप्शन एका रेघेवर अख्खा शब्द घेतात आणि ते खरे तर ऑप्शन नाहीतच, ती एक छोटी भाषा आहे. पीएसमध्ये रेघ दिली तर एक अर्थ, न दिली तर दुसरा. या गोंधळावर एटी अँड टीच्या लोकांनी गेटऑप्ट नावाचे फंक्शन काढले आणि 1985 मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत ते सर्वांसाठी खुले केले. पुढे पॉसिक्सने नियम लिहून काढले, ग्नूने दोन रेघांची लांब नावे रुजवली, आणि नुसत्या दोन रेघा म्हणजे 'इथे ऑप्शन संपले' हा संकेत पक्का झाला. तो संकेत किती मोलाचा, हे ज्याच्या फोल्डरमध्ये रेघेने सुरू होणारी फाइल सापडली आहे त्याला विचारा. शेल ताऱ्याच्या जागी फाइलींची नावे भरते, आणि आरएमला फाइलचे नाव आणि ऑप्शन यांतला फरक कळत नाही.

गेटऑप्टने शिस्त आणली, पण ती सी भाषेच्या संस्कारातली. ऑप्टआर्ग, ऑप्टइंड, ऑप्टएरर, ऑप्टऑप्ट असे चार ग्लोबल व्हेरिएबल, एक लूप, लूपमध्ये स्विच. दोन ठिकाणी एकदम पार्स करायचे म्हटले की दोघांचे पाय एकमेकांत अडकतात. ऑब्जेक्टवाल्या भाषांनी हा वारसा घेतला तेव्हा त्यांनी काय केले, तर लूपला क्लास घातला. क्लास बदलला, संस्कार तोच राहिला.

सी प्लस प्लसमध्ये याची दोन टोके दिसतात. गूगलच्या जीफ्लॅग्जमध्ये कुठल्याही फाइलीत मॅक्रो लिहून नवा फ्लॅग जाहीर करता येतो आणि त्याचे ग्लोबल व्हेरिएबल तयार होते. सोय एवढी की मोह आवरत नाही. पण मग तुम्ही जोडलेली एखादी लायब्ररी आपले फ्लॅग गुपचूप तुमच्या हेल्पमध्ये आणून ठेवते, पाहुण्याने आपले सामान परस्पर दिवाणखान्यात मांडावे तसे. दुसऱ्या टोकाला 2004 पासूनचे बूस्ट प्रोग्रॅम ऑप्शन्स. तिथे ग्लोबल काही नाही, व्हॅल्यू एका मॅपमध्ये मिळतात. ऑप्शन जाहीर करण्यासाठी मात्र कंसामागून कंस, कंसामागून कंस अशी आगगाडी जोडायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सी प्लस प्लस आहे यावर विश्वास बसत नाही. आणि मॅपमधून काढताना टाइप तुम्हीच सांगायचा. चुकलात तर कंपायलर गप्प, एक्सेप्शन प्रोग्रॅम चालताना. टाइपवर एवढे प्रेम करणारी भाषा उंबऱ्यापाशीच टाइप विसरते, हे मला अजूनही खटकते.

पायथनची गोष्ट अधिक शिकवणारी आहे, कारण तिथे एकाच स्टँडर्ड लायब्ररीत तीन पिढ्या शेजारी नांदताना दिसतात. थोरली गेटऑप्ट, सीची नक्कल. मधली ऑप्टपार्स, ग्रेग वॉर्ड यांच्या ऑप्टिकमधून 2003 साली 2.3 आवृत्तीत आलेली. धाकटी आर्गपार्स, स्टीव्हन बेथर्ड यांची, 2010 साली 2.7 मध्ये दाखल. ऑप्टपार्सला एक तत्त्व होते: ऑप्शन म्हणजे ऐच्छिक, तेव्हा 'आवश्यक ऑप्शन' ही वदतोव्याघाताची गोष्ट. तिच्या दस्तऐवजात हे चक्क लिहून ठेवले आहे. मला तो हट्ट आवडायचा. आर्गपार्सने व्यवहार पाहिला आणि आवश्यक ऑप्शनला दार उघडले, सबकमांड आणल्या, जागेवरून ओळखायची आर्ग्युमेंटही आपल्याच पदराखाली घेतली. लोक तिकडे गेले, आणि बरोबरच गेले.

पण आर्गपार्सच्या हातून शेवटी मिळते काय? नेमस्पेस नावाची एक पोकळ पिशवी. तिला स्वतःचे वर्तन नाही, फील्ड आधीपासून ठरलेली नाहीत. ऑप्शनच्या नावावरून ती चालता चालता चिकटवली जातात. नाव लिहिताना एक अक्षर चुकले तर एडिटर सावध करत नाही. आणि ही पिशवी मग प्रोग्रॅमभर फिरते. मी पाहिलेल्या कोडमध्ये 'आर्ग्ज' हा पॅरामीटर मेनपासून डेटाबेसला हात लावणाऱ्या आठव्या फंक्शनपर्यंत पोचलेला असतो. ते आठवे फंक्शन फक्त एक आकडा वापरते, पण त्याची टेस्ट लिहायची तर अख्ख्या कमांड लाइनचे सोंग उभे करावे लागते. त्यात चूक झाली की आर्गपार्स कोड 2 देऊन सरळ प्रोग्रॅम बंद करते. लायब्ररीने घरमालकाला घराबाहेर काढावे, यात कसले ऑब्जेक्टचे शील?

तिचा सर्वांत प्रसिद्ध खड्डा मीही स्वतः मोजला आहे. एका जुन्या नोकरीत ग्राहकांना पत्रे पाठवणारी एक स्क्रिप्ट माझी होती. पत्रे पाठवायची की नाही, यासाठी मी ऑप्शन ठेवला आणि टाइप दिला बूल. चाचणीसाठी मोठ्या विश्वासाने पुढे 'फॉल्स' लिहिले. पायथनचे बूल रिकाम्या स्ट्रिंगलाच फॉल्स मानते. 'फॉल्स' हा शब्द भरलेला, म्हणून ट्रू. पत्रे गेली. दिवसभर मी फोनवर माफी मागत होतो. चूक माझीच. तरीही जी लायब्ररी टाइप विचारून घेते आणि मग स्ट्रिंगलाच टाइपचा मुखवटा चढवते, तिला थोडा दोष देण्याचा हक्क मी राखून ठेवला आहे.

पायथनच्या अंगणात दोन बंडेही झाली. 2012 चे डॉकऑप्ट म्हणते, हेल्पचा मजकूर तुम्ही नीट लिहा, पार्सर मी त्यातूनच काढतो. कल्पना इतकी देखणी की पहिल्या भेटीत कोणीही भुलावे. पण परत मिळतो शब्दांचा डिक्शनरी-डबा. आकड्याचा आकडा करणे पुन्हा तुमच्याच गळ्यात. 2014 चे आर्मिन रोनाखर यांचे क्लिक डेकोरेटरवर चालते: साधे फंक्शन लिहा, वर ऑप्शन चढवा, झाली कमांड. टाइप नीट, सबकमांडची उतरंड नीट, टेस्टसाठी वेगळा रनर. फक्त ते फंक्शन आता फंक्शन उरत नाही, कमांडचा ऑब्जेक्ट होते, आणि दुसऱ्या कोडमधून त्याला साधी हाक मारायची पंचाईत होते. डोक्यावर फेटा बांधला तो उतरेना, अशी गत.

जावाकडे 2004 मध्ये ॲनोटेशन आली आणि कलेचे सर्वांत मोहक पर्व सुरू झाले. जेनकिन्सकर्ते कोहसुके कावागुची यांचे आर्ग्जफोरजे, टेस्टएनजीवाले सेड्रिक ब्यूस्ट यांचे जेकमांडर, आणि रेम्को पॉपमा यांचे पिकोसीएलआय. क्लासच्या फील्डवर चिठ्ठी चिकटवायची: हा ऑप्शन, हे नाव, ही माहिती. बाकी लायब्ररी पाहते. यांत पिकोसीएलआय सर्वांत कसलेले. रंगीत हेल्प, शेलला टॅबवर पूर्णता, सबकमांड, सगळे व्यवस्थित. हवे तर एकच सोर्स फाइल उचलून प्रोजेक्टमध्ये ठेवा. मी आज जावात काही लिहिले तर हेच घेईन.

तरी तक्रार आहे. फील्डवर चिठ्ठी लावली की लायब्ररी आधी रिकामा ऑब्जेक्ट जन्माला घालते आणि मग रिफ्लेक्शनने एकेक फील्ड भरते. म्हणजे ती फील्ड फायनल ठेवता येत नाहीत, कन्स्ट्रक्टरमध्ये काही तपासता येत नाही, आणि जन्म व नामकरण यांच्या मधल्या काळात ऑब्जेक्ट अर्धवट असतो. ऑब्जेक्ट विचाराचा गाभाच असा की वस्तू अस्तित्वात आली तर ती धड असावी. ॲनोटेशनने सोयीच्या बदल्यात नेमके तेच गहाण टाकले. शिवाय मोह असा की लोक ऑप्शनच्या चिठ्ठ्या थेट व्यवसायाच्या क्लासवर लावतात, आणि मग बिल काढणाऱ्या क्लासला टर्मिनलची खबर लागते.

गंमत अशी की हे कोडे सर्वांत स्वच्छ सोडवले ते स्वतःला ऑब्जेक्टची भाषा म्हणवून न घेणाऱ्या रस्टने. क्लॅप लायब्ररीने 2021 च्या अखेरीस तिसऱ्या आवृत्तीत स्ट्रक्टऑप्ट या दुसऱ्या लायब्ररीला पोटात घेतले, तेव्हापासून स्ट्रक्टच्या टाइपवरूनच सगळे ठरते: बूल असेल तर फ्लॅग, ऑप्शन टाइप असेल तर ऐच्छिक, व्हेक असेल तर पुन्हा पुन्हा देता येणारा. सबकमांड म्हणजे ईनम. पार्स झाले तर पूर्ण भरलेला स्ट्रक्ट हाती येतो, नाहीतर एरर. मधली अवस्था नाही. चपला खरोखर बाहेर राहतात.

सबकमांडच्या बाबतीत मात्र ऑब्जेक्टवाल्यांनी बाजी मारली हे मान्य करायला हवे. 1994 च्या डिझाइन पॅटर्न्सच्या पुस्तकातला कमांड पॅटर्न इथे जणू मापाने शिवलेला बसतो: प्रत्येक सबकमांडचा एक क्लास, त्याचे ऑप्शन त्याच्यापाशी, चालवायची एक मेथड. जावात पिकोसीएलआय हेच करते; रूबीत थोर मेथडमधून आणि पायथनमध्ये क्लिक फंक्शनमधून तेच साधतात. पण एका कमांडने किती कामे करावीत, हा प्रश्न कुठलीही लायब्ररी सोडवत नाही. गिटच्या चेकआउटने ब्रांच बदलणे आणि फाइल पूर्ववत करणे ही दोन कामे वर्षानुवर्षे एकाच नावाखाली वागवली. 2019 साली 2.23 आवृत्तीत स्विच आणि रिस्टोअर अशी वाटणी झाली, पण जुने घर कोणी पाडले नाही. युनिक्सवाले रॉब पाइक 1983 मध्येच कॅट कमांडच्या 'व्ही' ऑप्शनवरून ओरडले होते की हे काम कॅटचे नव्हेच. आज एलएसकडे पाहा: इंग्रजी वर्णमालेतली लहान-मोठी अक्षरे संपत आली आहेत.

राहिलेल्या उणिवांत एक मला फार बोचते. व्हॅल्यू कुठून आली, हे सांगण्याची सोय. पोर्ट 8080 आहे, ठीक. पण तो माणसाने लिहिला, एन्व्हायर्नमेंटमधून आला, कॉन्फिग फाइलीत होता की डिफॉल्ट पडला? क्लिकने आठव्या आवृत्तीपासून, क्लॅपने आणि पिकोसीएलआयने आपापल्या परीने याची सोय केली. आर्गपार्स अजून गप्प. मध्यरात्री सर्व्हर का चालत नाही हे शोधणाऱ्याला ती एक ओळ सोन्यासारखी असते.

शेवटी आपल्या लिपीकडे येतो. आर्गपार्सचे संदेश गेटटेक्स्टमधून जातात, म्हणजे अनुवादाला वाव आहे. आकड्यांचे तर आश्चर्यच: पायथनचा इंट आणि जावाचा पार्सइंट देवनागरी '१२' बिनतक्रार बारा म्हणून घेतात, सी, गो, रस्ट घेत नाहीत. हेल्पचे रकाने मात्र बिघडतात. 'किंमत' डोळ्याला तीन अक्षरे, आर्गपार्स मोजते पाच, आणि शेजारचा रकाना सरकतो. पिकोसीएलआयने चिनी-जपानी रुंद अक्षरांची काळजी घेतली आहे; काना-मात्रेचा विचार मला कुठे दिसला नाही. एका संध्याकाळी मी सहज '--मर्यादा' नावाचा ऑप्शन केला. चालला. पिशवीतून 'आर्ग्ज डॉट मर्यादा' म्हणून व्हॅल्यूही निघाली. मग आठवले की आर्गपार्स तोडलेली नावेही स्वीकारते, तुम्ही स्वतः ती सवय बंद करेपर्यंत. तोडते मात्र कोडपॉइंटवर, रफार कुठे सुटतो त्याचे तिला सोयरसुतक नाही. म्हणून मी '--मर १२' लिहून पाहिले. तिने मुकाट्याने ऐकले आणि मर्यादा बारावर नेऊन ठेवली.