प्रतिपूर्ती आणि भांडवल : परभणीच्या एस.टी.निमित्ताने

परभणी जिल्हा ज्या निजाम संस्थानात होता, तेथील सरकारी बससेवा १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली ती संस्थानी रेल्वेची शाखा म्हणून. १९६१ साली मराठवाड्याची बससेवा राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे २२ वे कलम महामंडळास व्यापारी तत्त्वाने वागावयास सांगते. २३ वे कलम केंद्र व राज्य शासनांस भांडवल पुरविण्याची केवळ मुभा देते, बंधन घालीत नाही. कायद्यातील खरे वैगुण्य येथेच आहे.

२०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस विनामूल्य प्रवास आणि २०२३ साली स्त्रियांस अर्धे भाडे लागू झाले. त्यापोटी शासन जी रक्कम देते तिलाही व्यवहारात अनुदानच म्हणतात. वस्तुतः ती न घेतलेल्या भाड्याची प्रतिपूर्ती, म्हणजे महसुली जमा होय. तिने चालकाचे वेतन व डिझेल भागेल. परंतु जिंतूर वा गंगाखेडच्या आगारास नवी गाडी मिळावयाची तर स्वतंत्र भांडवली तरतूदच हवी. सवलतीने प्रवासी वाढतात, तशी गाड्यांची झीजही वाढते. म्हणून दोन्ही रकमा एकाच शब्दाखाली मोजणे म्हणजे झिजणाऱ्या गाडीचा हिशेब झाकणे होय.