मुलाम्याखालची हकीकत

लिलावाआधी माल पाहण्याचा एक दिवस असतो. त्या दिवशी कुणीही आत जावे, वस्तू निरखावी. खरेदीची सक्ती नसते. ब्रिस्टलमधल्या अशाच एका लिलावघरात परवा मी तासभर एका घड्याळासमोर उभा होतो. यादीतले वर्णन मोजकेच : फ्रेंच, सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझ, शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे, ‘आफ्रिका’ नमुना, मुलामा उत्तम. ते विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे निदान मत तरी मोकळेपणाने देता येते!

आधी कौतुक. हा नमुना पॅरिसच्या दव्हर्बेरी या ब्राँझकाराचा, १७९९ सालचा. धनुष्य घेतलेली शिकारीण, पायाशी सिंहीण, पायाखाली कासव. कांती काळी, पिसे आणि वस्त्र सोनेरी, डोळे पांढऱ्या मीन्याचे. कुठे सोने झळाळते, कुठे मुद्दाम मंद ठेवले आहे. त्यामुळे आपण जरा बाजूला सरकलो की पिसे हलल्याचा भास होतो. आत लंबक जुन्या रीतीप्रमाणे रेशमी दोऱ्याला टांगलेला.

हा मुलामा चढवीत कसा? सोने पाऱ्यात कालवून तो लगदा ब्राँझवर फासायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडतो, सोने राहते. उडालेला पारा जाई कारागिराच्या छातीत. हात कापू लागत, दात पडत. विजेने मुलामा देण्याची रीत १८४० नंतर पसरली. म्हणून ‘मुलामा उत्तम’ हे दोन शब्द मला तितकेसे हलके वाटत नाहीत.

आता तक्रार. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले दिवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. आपल्याकडची दीपलक्ष्मी हातात दिवा धरते. मूर्ती आणि वस्तूचे काम एकच. या शिकारिणीचा वेळेशी काय संबंध? तिच्या जागी हत्ती किंवा जहाज असते तरी घड्याळ तेवढेच चालले असते. ती शिकार करीत नाही. दिवाणखान्यात बसून पाहुण्यांची करमणूक करते. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द केली आणि नेपोलियनने १८०२ मध्ये पुन्हा चालू केली. हा नमुना नेमका त्या दोन सालांमधला. यादीत त्याविषयी अवाक्षर नाही. ज्या शहरात ७ जून २०२० रोजी गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा लोकांनी बंदरात ढकलला, तिथे तरी हे मौन खटकायला हवे.

मग काय, घड्याळ वितळवायचे? मुळीच नाही. तो पुतळाही कुणी वितळवला नाही. एम शेड संग्रहालयात तो आडवा, अंगावर फासलेल्या रंगासकट ठेवला आहे. वस्तू राहिली, पण हकीकतीसह राहिली. आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या दीपलक्ष्मीकडेही पाहावे. तीही बाईच, आणि शतकानुशतके हात न हलवता उभी आहे. आपण तिला लक्ष्मी म्हटले, एवढ्यावर प्रश्न मिटत नाही.

परतताना कॉर्न स्ट्रीटवर थांबलो. तिथल्या एक्स्चेंजच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत : एक लंडनच्या वेळेचा, दुसरा ब्रिस्टलच्या जुन्या वेळेचा, सुमारे दहा मिनिटे मागे. शहराने १८५२ मध्ये लंडनची वेळ स्वीकारली, तरी आज दोन्ही काटे दिसतात, आणि त्यामुळे कुणाची गाडी चुकत नाही. लिलावाच्या यादीलाही असा दुसरा काटा असावा. पहिला कारागिरीचे मोल सांगेल. दुसरा सांगेल, ही काळी बाई कुणाच्या फळीवर आणि का बसवली गेली. त्याने किंमत पडलीच, तर ती आजवर चुकीची लावली जात होती असे समजावे.