अनुस्वाराची पक्कड

टेबलावर आठ इंची पक्कड आहे. दांड्यांवर निळं पीव्हीसीचं आवरण, सांध्याखाली देवनागरीत आमचं नाव. जालंधरहून आलेला हा तिसरा नमुना. मी सही केली आहे; आता पाच हजार नगांचं काम सुरू होईल. दोन दिवस तिच्याशी खेळतोय, आणि ती आवडत चालली आहे.

पक्कड वाचायची ती उजेडात. मिटून खिडकीसमोर धरायची आणि जबड्यांमधून पाहायचं. टोकाला उजेड दिसता कामा नये. सांध्याकडे सरकताना मात्र केसाएवढी फट हवी. नवख्याला ती चूक वाटते. पण मुठीचा जोर पडला की पोलादसुद्धा किंचित वाकतं, फट भरते आणि जबडे तारेला पूर्ण लांबीभर धरतात. फट ठेवलीच नाही, तर जोर लावताच टोकं उघडतात आणि बारीक तार निसटते. हिच्यात ती फट आहे, आणि आत जाताना अगदी हळू रुंदावते. घासणाऱ्याचा हात इथे दिसतो.

धारेत पतंगाचा कागद धरला. तो तुटला, फाटला नाही. मग दीड मिलिमीटरची स्प्रिंगची तार दहा वेळा तोडली आणि भिंगाखाली पाहिलं: धारेवर खाच नाही. शेवटी सांधा. एक दांडा आडवा धरून दुसरा सोडून दिला, तर तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला. रिव्हेट सैल असेल तर दांडा धपकन पडतो, आवळलेली असेल तर वरच अडकतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती पक्कड देण्याआधी ती एकदा उघडून मिटवतो, ते काही उगाच नाही.

पहिला नमुना याहून देखणा होता. आरशासारखं पॉलिश, कुठे ओरखडा नाही. तो मी परत पाठवला. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्याचा असाच चकचकीत नमुना मी बघताक्षणी पास केला होता. माल आला तेव्हा निम्म्या पकडींचे जबडे वाकडे मिटत होते. चौकशी केल्यावर कळलं, की नमुन्याची पक्कड एका जुन्या कारागिराने कानशीने घासून घासून बनवली होती. ती उत्तमच होती, पण ती एकटीच तशी होती. तेव्हापासून मी आधी एकच गोष्ट विचारतो: ज्या डायवर, ज्या भट्टीत, ज्या हातांनी पुढचा माल होणार आहे, त्यातूनच ही निघाली आहे का?

या तिसऱ्या पकडीने त्याचं उत्तर अंगावरच आणलंय. दांड्याच्या कडेने एक बारीक रेघ जाते. डायचे वरचा आणि खालचा असे दोन भाग जिथे मिळाले, तिथे बाहेर आलेलं जादा पोलाद छाटल्याची ती खूण. ती सरळ आहे, म्हणजे डायचे दोन्ही भाग एकमेकांवर नीट बसले होते. पहिल्या नमुन्यात ही रेघ घासून नाहीशी केली होती. मला ती असलेलीच बरी वाटते. पाच हजारांतल्या प्रत्येकीवर ती असणार आहे.

आता नाव. आमचं नाव तीन अक्षरी, मधल्या अक्षरावर अनुस्वार. दुसऱ्या नमुन्यात तो अनुस्वार शिरोरेषेत बुडाला होता. मराठी वाचणाऱ्याला नाव बदललेलं दिसत होतं; बनवणाऱ्याला तो ठिपका म्हणजे नुसती खरखर वाटली असावी. डायमध्ये अक्षरं उलटी आणि खोल कोरावी लागतात, आणि पोलाद सुटून यावं म्हणून खोबणीच्या भिंतींना उतार द्यावा लागतो. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात, म्हणून ती या उताराला सोसतात. देवनागरी अक्षरं एका रेषेला टांगलेली. उतार वाढला की रेषा जाड होते आणि जवळचा ठिपका गिळते. मी कागदावर नाव मोठं काढून पाठवलं: ठिपका मोठा करा, रेषेपासून वर उचला, अक्षरांमध्ये थोडी जागा सोडा. या वेळी अनुस्वार बोटाच्या टोकाला लागतो. डोळे मिटूनही आमचं नाव वाचता येतं. हे काम करणाऱ्या डायमेकरला मी मनापासून दाद देतो.

एक गोष्ट खटकते. आवरणाच्या टोकाला साच्याची शिवण तळहाताला टोचते. मंजुरीच्या पत्रात ती पहिल्या ओळीत लिहिली आहे: दांडे असेच ठेवा, शिवण घासा.

ब्रिटिश लष्करात पूर्वी मंजूर बंदुकीवर लाखेची मोहोर लावून ती जपून ठेवत. कंत्राटदाराचा माल तिच्याशी ताडून पाहत. त्या ‘सील्ड पॅटर्न’चा संग्रह आज लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे आहे. आमच्या धंद्यातही पद्धत तीच. म्हणून मी चार नग मागवले होते. एक जालंधरच्याच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ हँड टूल्समध्ये कडकपणाच्या तपासणीसाठी गेला. 1983 पासून ती संस्था याच उद्योगासाठी आहे. एक तारा तोडण्यात खर्ची पडला. उरलेल्या दोन्ही पकडींना मी तारखेसह सहीची चिठ्ठी बांधली.

त्यातली एक काल कारखान्याला रवाना झाली. दुसरी लाखेची मोहोर लावून माझ्या कपाटात आहे. माल येईल तेव्हा पहिली पेटी तिच्याशेजारी उघडायची.